पाऊस महाबळेश्वरला, पूर सांगलीला : नवरा-बायकोच्या भांडणात मनोविश्लेषण काय करतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे एसटीत बसल्यावर हेडफोन घरी विसरल्याचं लक्षात आणून देतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसं.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक. मानसशास्त्राची डिग्री माझ्याकडे नाही. पण गेले सात महिने मी आणि माझी बायको दर आठवड्याला कपल थेरपीला बसतोय. आमच्या थेरपिस्ट ज्या पद्धतीने काम करतात तिला सायकोॲनालिटिक, म्हणजे मनोविश्लेषणाची पद्धत म्हणतात. सवयीप्रमाणे मी आधी डॉक्युमेंटेशन वाचायला घेतलं आणि त्यात पार घुसलो. ते सगळं आज सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. बायकोने पूर्ण स्क्रिप्ट वाचली, दोन ठिकाणी काट मारली आणि मग परवानगी दिली. तिचं नाव मी घेणार नाही, थेरपिस्टचंही नाही.

भांडण ओल आलेल्या भिंतीवरून

मी साताऱ्याचा, ती सांगलीची, राहतो पुण्यात भाड्याने. गेल्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. ती म्हणाली, "अरे, मालकांना फोन कर." मी म्हणालो, "करतो गं, होईल." दोन दिवसांनी तिने परत सांगितलं. मी परत म्हणालो, "बघू, होईल." चौथ्या वेळी तिचा आवाज चढला. पाचव्या वेळी मी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. ती दाराबाहेरून बोलत राहिली, मी कानात हेडफोन घालून बसलो.

तीन आठवड्यांनी ती बॅग भरून सांगलीला गेली. दीड महिना गेली. दोन्हीकडच्या मोठ्यांची बैठक झाली, चहा झाला, पोहे झाले. मामा म्हणाले, "एवढ्याशा ओलीवरून कुणी संसार मोडतं का?" आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण आम्हालाही तेच कळत नव्हतं. ओल तर खरंच एवढीशी होती. पण मी वेगळं व्हायचा विचार करत होतो, आणि नंतर कळलं, तीही करत होती.

इथे मला सांगलीची एक गोष्ट आठवते, जी प्रत्येक सांगलीकराला पाठ असते. सांगलीत कधीकधी लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तरी आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढत असतं. कारण पाऊस सांगलीत पडलेलाच नसतो. तो पडलेला असतो वर, महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात. कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन कृष्णेला मिळते आणि ते सगळं पाणी खाली सरकत सांगलीत पोचतं. म्हणून सांगलीचा माणूस पावसाळ्यात आभाळाकडे कमी आणि कोयनेच्या विसर्गाच्या मेसेजकडे जास्त बघतो.

नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल मनोविश्लेषणाचं म्हणणं जवळपास हेच आहे. पूर आज इथे दिसतोय, पण पाऊस कुठेतरी वर, खूप आधी पडून गेलाय. इथे उभं राहून "पाणी आलंच कसं?" म्हणून एकमेकांवर ओरडण्यात अर्थ नसतो. वर जाऊन बघावं लागतं. आम्ही मात्र अलमट्टी की कोयना, दोष कुणाचा, यावरच वाद घालत बसलो होतो.

फ्रॉइडपासून लंडनच्या समाजसेविकांपर्यंत

थोडा इतिहास, पटकन. सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९), व्हिएन्नाचे डॉक्टर, मनोविश्लेषणाचे जनक. आपल्या मनाचा मोठा भाग आपल्यालाच माहीत नसतो आणि आपले बरेच निर्णय तिथून होतात, हा त्यांचा मूळ मुद्दा. मराठीत त्याला नेणीव म्हणतात, अबोध मनही म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला चालू असलेली प्रोसेस. स्क्रीनवर दिसत नाही, बॅटरी मात्र खाते.

फ्रॉइड एका वेळी एकाच माणसाशी बोलायचे. नवरा-बायकोला एकत्र बसवणं त्यांच्या पद्धतीत नव्हतं. ते सुरू झालं दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये. युद्धावरून परतलेले नवरे, मधल्या काळात बदललेल्या बायका, मोडायला आलेले संसार. १९४८ मध्ये एनिड बॅलिंट (तेव्हा त्यांचं आडनाव वेगळं होतं) यांच्या पुढाकाराने 'फॅमिली डिस्कशन ब्युरो' सुरू झाला. काम करणाऱ्या बहुतेक समाजसेविका होत्या आणि त्यांना टॅव्हिस्टॉक क्लिनिकच्या मनोविश्लेषकांची साथ होती. हीच संस्था आज 'टॅव्हिस्टॉक रिलेशनशिप्स' या नावाने लंडनमध्ये काम करते. त्याच टॅव्हिस्टॉकमधले मानसोपचारतज्ज्ञ हेन्री डिक्स यांनी १९६७ मध्ये 'मॅरिटल टेन्शन्स' हे पुस्तक लिहिलं. जोडप्यांच्या मनोविश्लेषणाचा पाया म्हणून ते अजूनही वाचलं जातं.

आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचं, असं समजू नका. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच इंडियन सायकोॲनालिटिकल सोसायटी काढली होती. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि "तुमचं सगळंच इकडे लागू होत नाही" असं ते त्यांना कळवतही होते. मुंबईत १९३८ मध्ये एमिलिओ सर्वादिओ हे इटालियन मनोविश्लेषक आले. इटलीत ज्यूंच्या विरोधात कायदे झाले म्हणून त्यांना देश सोडावा लागला होता. म्हणजे हा विषय मुंबईत पोचूनच ऐंशीहून जास्त वर्षं झाली. साताऱ्या-सांगलीत आपल्या पिढीपर्यंत पोचायला मोबाईलची रेंज लागली, एवढंच.

पहिली गोष्ट : समोरच्या जागी दुसरंच कुणीतरी दिसणं

यात दोन मुख्य कल्पना आहेत. पहिली ट्रान्सफरन्स. लहानपणी जवळच्या माणसाबरोबर जे नातं अनुभवलं, त्याचा साचा मनात तयार होतो आणि पुढे आपण त्याच साच्यातून नव्या माणसाकडे बघतो. समोर बायको असते, पण त्या क्षणी मनाला दिसते आई. समोर नवरा असतो, दिसतात वडील.

आमच्या चौथ्या का पाचव्या सेशनमध्ये थेरपिस्टनी बायकोला एक साधा प्रश्न विचारला. "तो 'होईल' म्हणतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा."

ऑगस्ट २०१९. सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिचं घर गावभागात. ती तेव्हा कॉलेजला होती आणि दोन दिवस सांगत होती, "पप्पा, निघूया." पप्पा म्हणत होते, "२००५ ला इथं आलं नव्हतं, आता कुठलं येतंय? होईल कमी." रात्री पाणी उंबऱ्याला लागलं. सामान वर न्यायलाही वेळ मिळाला नाही. शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर दोन दिवस काढले, मग बोटीने बाहेर आले. आजीला चार जणांनी उचलून बोटीत बसवलं.

ही गोष्ट मला लग्नाआधीपासून माहीत होती. पण पूर म्हणून माहीत होती. तिच्यासाठी ती पुराची गोष्ट नव्हतीच. "मी सांगत होते आणि कुणी ऐकलं नाही" ही ती गोष्ट होती. आणि तीसुद्धा पुरात सुरू झाली नव्हती, त्या घरात आधीपासूनच मुलीचं म्हणणं शेवटी विचारात घेतलं जायचं. पुराने फक्त त्यावर शिक्का मारला.

आता भिंतीवर ओल. पाणी. आणि एक पुरुष म्हणतोय, "होईल गं." सांगा, तिचा आवाज चढणार नाही तर काय होणार?

माझी बाजू अशी. साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, संतापी. मारायचे नाहीत, पण आवाज असा की खालच्या मजल्यावर टीव्ही बारीक करायचे. आई उत्तर द्यायची नाही. ती गप्प व्हायची आणि तो अबोला कधीकधी आठवडाभर चालायचा. मी पुस्तक घेऊन गच्चीवर जायचो. सगळे म्हणायचे, पोरगं अभ्यासू आहे. अभ्यास कसला, मी पळून जायचो. त्यातून दहावीला चांगले मार्क पडले, हा साइड इफेक्ट.

म्हणजे तिचा आवाज चढला की मला अण्णा ऐकू यायचे आणि मी गच्चीवर पळायचो. मी पळालो की तिला पप्पा दिसायचे आणि तिचा आवाज अजून चढायचा. इंजिनिअर मंडळींना लगेच कळेल, हा इन्फिनिट लूप आहे. दोन्ही फंक्शन्स एकमेकांना कॉल करतायत आणि बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही. आणि गंमत म्हणजे त्या फ्लॅटमध्ये खऱ्या अर्थाने आम्ही दोघं भांडतच नव्हतो. अण्णा आणि पप्पा भांडत होते, जे प्रत्यक्षात भेटले की एकमेकांना कंदी पेढे आणि भडंग देतात.

दुसरी गोष्ट : आपलं नको ते समोरच्याच्या खात्यात टाकणं

दुसरी कल्पना जरा अवघड आहे, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक बाईंनी १९४६ मध्ये ती मांडली. नाव मोठं आहे, प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन. आपल्या मनातला जो भाग आपल्याला सहन होत नाही तो आपण समोरच्यावर टाकतो, हे झालं नुसतं प्रोजेक्शन, प्रक्षेपण. इथे एक पायरी पुढे आहे. आपण नकळत असं वागतो की समोरचा खरोखर तसा व्हायला लागतो.

हेन्री डिक्स यांनी हे लग्नाला लावून बघितलं. त्यांचं म्हणणं असं की जोडीदार निवडताना आपण बऱ्याचदा आपलाच हरवलेला भाग शोधत असतो. जो भाग लहानपणी दाबून टाकावा लागला, तो समोरच्यात मोकळा दिसतो आणि आपण प्रेमात पडतो. पुढे त्याच भागाचा त्रास व्हायला लागतो, कारण तो दाबायचं कारण मनातून गेलेलं नसतं.

आमच्यावर लावून बघतो. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "तू किती शांत आहेस, तुझ्याजवळ बरं वाटतं." मी मित्रांना म्हणालो होतो, "ती मनात येईल ते बोलते यार, भारी आहे." दोन वर्षांनी तिची तक्रार काय? हा दगड आहे, याला काहीच वाटत नाही. माझी तक्रार काय? ही सारखी बोलते. गुण तेच, फक्त आता ते तक्रारीच्या रकान्यात.

थेरपिस्टनी एकदा मला विचारलं, "ओल बघून तुम्हाला भीती वाटली का?" मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "अजिबात नाही?" मग विचार केल्यावर लक्षात आलं की मालकांना फोन करायचीच मला भीती वाटत होती. ते चिडले तर? आवाज चढवला तर? सगळा घोळ त्या एका फोनचा होता. पण घरात भीती या खात्याची सगळी एंट्री बायकोच्या नावावर पडत होती. ती दोघांच्या वाटचं घाबरत होती, म्हणून मला घाबरावं लागत नव्हतं. आणि मी दोघांच्या वाटचा शांत होतो, म्हणून तिला कधी शांत होता येत नव्हतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं नाही. स्वतःला मी समजूतदार समजत होतो.

देवराष्ट्रेची मुलगी

आता आपल्याच भागातली एक खरी गोष्ट. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ते माहीत असेल. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होतं. त्याच गावात १८६२ मध्ये रमाबाई रानडे जन्मल्या, माहेरच्या कुर्लेकर. 'उंच माझा झोका' मालिका घरी लागायची ना, त्याच.

१८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. सगळ्यांना वाटत होतं की ते स्वतः विधवेशी लग्न करतील. वडिलांनी आग्रह धरला आणि त्यांनी वडिलांपुढे मान तुकवून एका लहान मुलीशी लग्न केलं. मग त्याच मुलीला त्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना ते मान्य नव्हतं. त्यांनी रमाबाईंना किती छळलं, बोलणी ऐकवली, ते रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

मेलेल्या माणसांचं मनोविश्लेषण करणं सोपं असतं, कारण ती उत्तर देत नाहीत. त्यामुळे हे फक्त माझं वाचन समजा. पण डिक्सच्या चष्म्यातून बघितलं तर मला असं दिसतं. वडिलांपुढे उभं राहणं रानड्यांना स्वतःला जमलं नाही. मग घरातल्या जुन्या वळणापुढे रोज उभं राहण्याचं काम कुणाच्या वाट्याला आलं? त्या देवराष्ट्रेच्या पोरीच्या. नवऱ्याचं ऐकावं तर घरातल्या बायका दुखावतात, बायकांचं ऐकावं तर नवरा. दोन पिढ्यांचं न झालेलं भांडण एका मुलीच्या अंगावर चाललं होतं. रमाबाई त्यातून उभ्या राहिल्या, पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारलं, हे त्यांचं मोठेपण. पण ते ओझं मुळात त्यांचं होतं का, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

आणि आजही हेच बघा ना. जे आपल्याला आपल्या आई-वडिलांना तोंडावर सांगता येत नाही, ते बायकोने सांगावं अशी आपली अपेक्षा असते. ती बोलली की मग आपणच म्हणतो, "तू आईशी असं का बोललीस?"

आपल्याकडे खोलीत दोघंच नसतात

लंडनच्या पुस्तकांत जोडपं म्हणजे दोन माणसं. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. इथे सुधीर कक्कर (१९३८-२०२४) कामाला येतात. भारतातले सगळ्यात वाचले गेलेले मनोविश्लेषक. आणि अभिमानाची गोष्ट, मूळचे आपल्या जातकुळीचे! अहमदाबादमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, नंतर एरिक एरिक्सन यांच्या ओळखीने आयुष्याची गाडी वळली आणि जर्मनीत फ्रँकफर्टला मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं. 'द इनर वर्ल्ड' (१९७८) आणि 'इंटिमेट रिलेशन्स' (१९८९) ही त्यांची पुस्तकं.

कक्कर सांगतात की भारतीय घरात मुलाचं आईशी नातं इतकं घट्ट आणि लांबलेलं असतं, आणि मुलगी घरात बायकोच्या आधी सून म्हणून इतकी येते, की "आम्ही दोघं" हे एकक तयार व्हायलाच खूप झगडावं लागतं. कुटुंबाला जोडप्याच्या फार जवळिकीची धास्ती असते. आणि तरी बाईच्या मनात 'जोडी'ची ओढ असते, दोघांचं असं एक छोटं जग. तुम्ही दोघंच महाबळेश्वरला जातो म्हटल्यावर घरात जी शांतता पसरते, ती आठवा. कक्कर काय म्हणतात ते कळेल.

मग सेशनमध्ये नेमकं होतं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दर आठवड्याला ठरलेला वार, ठरलेली वेळ, पन्नास मिनिटं. आमचं ऑनलाइन. एका फोनसमोर दोघांनी एका फ्रेममध्ये बसायचं. सुरुवातीला आम्ही असे बसायचो की माझा अर्धा कान कापला जायचा. तेही थेरपिस्टनी टिपलं.

त्या सल्ला देत नाहीत. पहिले दोन महिने मला याचा भयंकर राग यायचा. महिन्याला बाईकच्या हप्त्याएवढे पैसे जातायत आणि या नुसत्या "हं" म्हणतात! मला हवा होता निकाल : कोण बरोबर, कोण चूक. त्या कुणाचीच बाजू घेत नाहीत. या पद्धतीत पेशंट नवरा नसतो, बायकोही नसते. दोघांमधलं नातं हा पेशंट असतो.

त्या मुख्यतः तीन गोष्टी करतात. एक, भांडण त्यांच्या समोर घडू देतात आणि मध्येच थांबवून विचारतात, "आत्ता काय झालं?" दोन, आजच्या गोष्टीचा जुन्या गोष्टीशी धागा जोडतात, तोही घाई न करता. तीन, आमच्या दोघांकडून येणारी आग, रडणं, टोमणे हे सगळं ऐकून घेऊन शांतपणे शब्दांत परत देतात. विल्फ्रेड बायन या मनोविश्लेषकांनी याला कंटेनर म्हटलंय. उकळतं दूध उतू न जाऊ देणारं मोठं पातेलं म्हणा ना. हळूहळू जोडप्याने स्वतःच एकमेकांसाठी तसं पातेलं व्हावं, हे या थेरपीचं ध्येय.

मी एकदा त्यांच्यावरच चिडलो. त्या एका आठवड्यात सुट्टीवर होत्या आणि मी पुढच्या सेशनला मुद्दाम उशिरा आलो. त्यांनी रागवायच्या ऐवजी विचारलं, "मी गेल्याचा राग आला होता का?" मी "नाही, होईल ॲडजस्ट" म्हणालो आणि शेजारी बायको खदखदून हसली. त्या दिवशी मला माझं "होईल" पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

हे खरंच चालतं का?

इंजिनिअर आहे, डेटा विचारणारच. अमेरिकेत डग्लस स्नायडर आणि रॉबर्ट विल्स यांनी १९८९ मध्ये ७९ जोडप्यांचा अभ्यास छापला. काहींना वागणूक बदलायला शिकवणारी थेरपी, काहींना मनाच्या आतली कारणं उलगडणारी, काहींना वेटिंग लिस्ट. थेरपी संपताना दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी दिसल्या. पण १९९१ मध्ये आलेल्या चार वर्षांनंतरच्या निकालात पहिल्या गटात ३८ टक्के जोडप्यांचा घटस्फोट झाला होता आणि दुसऱ्यात ३ टक्के. आकडा जबरदस्त आहे, पण लगेच नाचू नका. अभ्यास छोटा होता, आणि दुसऱ्या पद्धतीत वागणुकीचेही धडे मिसळलेले होते असा आक्षेप नील जेकबसन यांनी तेव्हाच घेतला होता. शिवाय ती जोडपी अमेरिकेतली.

पैसा आणि वेळ ही दुसरी अडचण. ही थेरपी महिनोनमहिने चालते. कमी काळाच्या, थेट संवाद शिकवणाऱ्या पद्धतीही चांगल्या आहेत आणि अनेकांना त्या पुरतात. आणि थेरपी म्हणजे संसार वाचण्याची गॅरंटी नव्हे. काही जोडपी सगळं समजून घेऊन शांतपणे वेगळी होतात. तेही वाईट नाही.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा

घरात मारहाण, धमकी, जबरदस्ती असेल तर कपल थेरपी हा पहिला उपाय नाही. तिथे "दोघांचं नातं हा पेशंट" ही भाषाच चुकीची आणि धोक्याची आहे. आधी सुरक्षितता. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. लहानपणी मार खाल्ला हे आज मारण्याचं कारण असू शकेल, माफी नाही.

दारूचं व्यसन मध्ये असेल तर आधी त्यावर उपचार. साताऱ्यात परिवर्तन संस्था, पुण्यात मुक्तांगण हे काम वर्षानुवर्षं करतायत.

मन जड झालंय, पण थेरपीचे पैसे नाहीत किंवा कुणाकडे जायचं कळत नाही, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, केंद्र सरकारची २०२२ पासूनची सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. थेरपिस्ट निवडताना त्यांचं शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची नोंदणी विचारा. विचारल्याचा चांगल्या माणसाला राग येत नाही. आणि "पोवई नाक्यावर कुणी बघितलं तर?" ही भीती असेल, तर ऑनलाइनचा पर्याय आहेच. मलाही तीच भीती होती.

शेवटचं, हे शब्द शस्त्र म्हणून वापरू नका. मी वापरले. एकदा भांडणात म्हणालो, "हे तुझं प्रोजेक्शन आहे." ती म्हणाली, "आणि हा तुझा माज आहे." तिचं बरोबर होतं. ही भिंग स्वतःवर धरायची असतात.

आता कसं आहे?

ती परत आलीये. मालकांना मी फोन केला. हात घामेजले होते, आणि ते अजिबात चिडले नाहीत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. ओल बरीच कमी झाली, एका कोपऱ्यात अजून आहे. आमचंही तसंच. गेल्या रविवारीच एक मोठं भांडण झालं. पण मी खोलीबाहेर गेलो नाही. खुर्चीत बसून राहिलो आणि म्हणालो, "मला आत्ता गच्चीवर पळावंसं वाटतंय." ती थांबली. म्हणाली, "मला आत्ता पाणी दिसतंय." मग दोघं बराच वेळ नुसते बसलो. प्रश्न सुटला नाही, पण बॅगही भरली गेली नाही.

स्क्रिप्ट वाचून झाल्यावर बायकोने एकच गोष्ट सुचवली. म्हणाली, "सगळं छान आहे, पण तू पप्पांना व्हिलन केलंयस. ते घर सोडायला घाबरले होते रे. आयुष्यभराची कमाई होती त्यात. त्यांनाही 'होईल' म्हणावं लागलं असेल." हे तिला आत्ता, सहा-सात वर्षांनी दिसलं. म्हणजे पावसाचा उगम शोधत वर गेलं की वर अजून एक डोंगर दिसतो आणि तिथेही कुणीतरी भिजत उभं असतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी छोट्याशा गोष्टीवरून मोठं भांडण झालं, तर एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. समोरच्याला नाही, स्वतःला. हे पाणी आजचं आहे का, की वरून आलंय? उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल.

तुमच्या घरात कुठला शब्द ऐकला की ठिणगी पडते? आमच्याकडे "होईल" होता. तुमचा व्हॉइस नोटमध्ये पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि राहिलेला फोन करून टाका. भेटू पुढच्या भागात!